जांभळ्या दोऱ्याचे कोट

सासूबाईंनी जन्मात कुणाकडचं फुकटचं पाणीसुद्धा घेतलं नाही, असं कोटांच्या कारखान्यात सगळे म्हणत. हे काही अगदी खरं नव्हतं. पाणी त्या घेत. पण पेला विसळून पालथा घालत, आणि निघताना त्या घरचं पायपुसणं झटकून मगच पायरी उतरत. झाली फिटंफाट. सुनेला सुरुवातीला या सवयीचा राग यायचा, मग हसू यायचं, आणि पुढे पुढे कुणी नवं माणूस भेटलं की तीच ही गोष्ट रंगवून सांगायला लागली.

अशा बाईच्या हृदयाची झडप निकामी झाली. परीक्षा घ्यायचीच तर देव नेमका न येणाऱ्या विषयाचा पेपर काढतो. दुसऱ्याकडून घेणं हा सासूबाईंचा न येणारा विषय.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आतलं दार नीट मिटत नाही, रक्त उलटं फिरतं, म्हणून जिना चढताना धाप लागते. दोन महिन्यांच्या आत झडप बदलली तर बाई पहिल्यासारख्या कामाला लागतील. नाही बदलली तर काय, ते सांगायच्या ऐवजी डॉक्टर चित्रातली रेघ पुन्हा पुन्हा गिरवत बसले. मग त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला. सुनेचा नवरा मालट्रक चालवायचा. त्यानं आकडा ऐकून आधी आईकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं, ते बराच वेळ.

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माणूस चांगला आहे. चित्र मात्र वाईट काढतो."

सासू आणि सून एकाच कारखान्यात, एकाच टेबलावर काजं करायच्या. जाड लोकरी कोट तिथे मशीनवर शिवले जात. काजं मात्र हातानं, कारण कोट ज्या मोठ्या दुकानात जात त्यांचा तसा हट्ट होता. काज म्हणजे बटणाचं घर. कापडाला चीर द्यायची, आणि मेण लावलेल्या रेशमी दोऱ्यानं तिच्या कडेला टाक्याला टाका लावून बारीक गाठींची रांग बसवायची. रांग सरळ बसली की काज हसतं, वाकडी बसली की कण्हतं, असं सासूबाई म्हणत. त्या डावखुऱ्या. त्यामुळे त्यांच्या गाठी जगाच्या उलट्या अंगाला कलायच्या. पण टेबलावरच्या बायकांशिवाय ते कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

कारखान्याची एक पद्धत होती. काजं पुरी झाली की करणारीनं कोटाच्या अस्तरात आपल्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका घालायचा. सुनेचा हिरवा, शेजारी बसणाऱ्या चिमणीचा पिवळा. चिमणी म्हणजे टेबलावरची सगळ्यात चटपटीत बाई. तिची सुई थांबे, जीभ थांबत नसे. सासूबाईंचा दोरा जांभळा. जितके टाके तितकी मजुरी, आणि तीही माल दुकानात पोचून तिकडून पैसे आले की मग. तपासणीला बसणारी चष्मेवाली प्रत्येक कोट उलटून उजेडाला धरायची. फक्त जांभळा टाका दिसला की कोट न उलटता पुढे सरकवायची.

"मावशींचं काम मी तपासू?" ती म्हणे. "मग उद्या सूर्य उगवला का ते बघायला दिवा लावते."

तर आता पैसा उभा करायचा होता. उभा करायला माणसं कमी नव्हती. घेणारं माणूस अवघड होतं.

पहिला प्रयत्न बुवांनी केला. गल्लीच्या टोकाच्या सभागृहात आठवड्यातून एका संध्याकाळी हे वयस्क बुवा गात गात कथा सांगायचे, आणि सासूबाईंची पहिल्या रांगेतली जागा कधी चुकली नव्हती. आता ती रिकामी दिसली, म्हणून बुवा स्वतः घरी आले. खुर्चीत बसून गुडघे चोळत म्हणाले, "मावशी, कथेच्या शेवटी मी एक शब्द टाकतो. एकच. लोक तुम्हाला ओळखतात. ओंजळी भरून देतील."

"मी तिथं देवापुढे बसते," सासूबाई म्हणाल्या. "त्याच जागेवर बसून लोकांपुढे हात पसरू? पुढच्या वेळी लोक कथा ऐकतील की माझी धाप?"

"अहो, देव काय खिशातून पाकीट काढणार आहे? त्याला हात आहेत ते आपलेच."

"मग त्या हातांना म्हणावं, काम करा. कामाचा पैसा मी कधी नाकारला नाही."

बुवांनी सुनेकडे पाहून भुवया उडवल्या. हार मानली की ते तसंच करायचे. जाताना दारात हळूच म्हणाले, "सूनबाई, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं सुंभच पिळाचा केलेला आहे." आणि मग आकाशाकडे बघून, "देवा, अशी माणसं घडवतोस, आणि मग आम्हाला सांगतोस, सांभाळा."

मुलानं कर्जाचं नाव काढलं, त्याला तर एका वाक्यात उत्तर मिळालं. "मी गेल्यावरही माझं ओझं वाहशील, ते मला नको." तो ट्रक घेऊन निघून गेला आणि त्या फेरीत त्यानं घरी फोन केला तो फक्त सुनेला.

मालकांनी सासूबाईंना घरी बसून काजं करायची परवानगी दिली होती. सून संध्याकाळी कोटांचं गाठोडं नेई, सकाळी परत आणी. थोडे दिवस ते चाललं. मग एका सकाळी सुनेनं गाठोडं उघडलं तर वरचा एक कोट झालेला आणि खालचे सगळे तसेच. सासूबाई उशीला टेकून डोळे मिटून पडल्या होत्या. बोटं मात्र पांघरुणावर हलत होती, सुई धरल्यासारखी.

"आज राहू द्या, आई."

"राहिलंच आहे की," त्या म्हणाल्या. "सांगतेस काय."

त्या दिवशी टेबलावर बसल्यावर सुनेला बुवांपुढचं ते वाक्य आठवलं. कामाचा पैसा मी कधी नाकारला नाही. तिनं आपल्या हातातला पुरा झालेला कोट उलटा केला, हिरव्या दोऱ्याची सुई बाजूला ठेवली आणि पिशवीतून सासूबाईंचं जांभळं रीळ काढलं. चिमणीनं ते पाहिलं. चिमणीच्या नजरेतून काही सुटत नसे.

"रंग चुकला तुझा," ती म्हणाली.

"चुकला नाही."

चिमणी थोडा वेळ गप्प राहिली. तिच्या बाबतीत हा आजारपणाचाच प्रकार. मग तिनं हात पुढे केला. "मलाही हातभर दे तोडून."

दुपारपर्यंत टेबलावरच्या सगळ्या बायकांकडे जांभळा दोरा पोचला. दिवसातले दोन-तीन कोट आपले आणि बाकीचे मावशींचे, असं न ठरवताच ठरलं. मग इस्त्रीवाल्या दादांना वास लागला. हातोड्यासारख्या हातांचा हा माणूस, वाफेच्या ढगात दिवसभर उभा. त्यांनी येऊन टेबलावर तळहात ठेवला. "मलाही शिकवा. मी काय फक्त सुरकुत्या मोडायलाच जन्मलो?"

"दादा, तुमच्या बोटात सुई दिसायची नाही," चिमणी म्हणाली.

"दिसली नाही तरी टोचेल ना? मग कळेल कुठं आहे ते."

कारखाना सुटल्यावर दादा बसू लागले, कापड कापणारे दोघं बसू लागले, बटणं लावणाऱ्या पोरी बसू लागल्या. ज्याला जशी येतील तशी काजं होत होती आणि प्रत्येक कोटात जांभळा टाका पडत होता. मजुरी आली की सून ती सासूबाईंच्या उशीखालच्या डब्यात ठेवायची आणि म्हणायची, "तुमच्या आधीच्या मालाचे पैसे आता सुटताहेत." मजुरी नेहमीच उशिरा सुटायची, त्यामुळे ही थाप पचली. निदान पचली असं सुनेला वाटलं. आधीचे लहान माल टेबलावरच्या बायकांच्याच हातचे होते, ते खपत गेले आणि डबा जड होत गेला. ऑपरेशनची तारीख धरली. आता सगळ्यांच्या हातचा एकच मोठा माल दुकानात गेला होता. त्याचे पैसे आले की काम झालं.

भल्या हेतूनं केलेलं काम आपोआप भलं होतं, अशी माणसाची एक गोड समजूत असते. या मंडळींचीही होती. त्यांनी एवढं सगळं केलं, पण एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही: चष्मेवाली जांभळा टाका दिसला की कोट उलटत नव्हती. हिरवा असता तर दादांचं पहिलंच काज तिनं त्यांच्या डोक्यावर मारलं असतं. जांभळ्याच्या पुण्याईवर सगळी चिमटलेली, सुटलेली, तिरळी काजं दरवाजातून बाहेर पडली आणि थेट मोठ्या दुकानात जाऊन पोचली.

आणि तिथून परत आली. अख्खा माल.

मालक स्वतः घरी आले. वडिलांच्या वेळेपासून सासूबाईंना ओळखणारे, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी एक कोट पलंगावर ठेवला, टोपी काढून मांडीवर धरली. सून दारातच उभी राहिली, हातात चहाचा ट्रे, आणि तो खाली ठेवायचं तिला सुचेना.

"मावशी, रागवू नका," मालक म्हणाले. "तुम्ही आता हाताला विश्रांती द्या. दुकानवाले म्हणतात, जांभळा दोरा आता पूर्वीचा राहिला नाही. या मालाचे पैसे द्यायला ते तयार नाहीत. मी त्यांना सांगितलं, बाई आजारी आहेत."

सासूबाईंनी चष्मा लावला. कोट मांडीवर ओढला, अस्तरातला जांभळा टाका पाहिला. मग डाव्या अंगठ्यानं पहिलं काज चाचपलं. दुसरं. तिसऱ्यापाशी अंगठा थांबला आणि त्यांनी मान वर करून दाराकडे पाहिलं. सुनेला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. पण जमिनी पूर्वीसारख्या ऐकत नाहीत.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "काजं माझी आहेत."

"मावशी..."

"माझ्या दोऱ्याचं काम माझं. वाईट असलं तरी माझं. सगळा माल इथं पाठवा, मालक. उसवून नव्यानं करून देते. दुकानाला सांगा, आठवडाभर थांबा. आणि आजारपणाचं कारण सांगू नका. वाईट काजाला कारण नसतं."

मालक टोपी फिरवत बसले. त्यांना काय कळलं, काय नाही, देव जाणे. चहा घेऊन ते उठले आणि माल पाठवतो म्हणाले.

दार लागलं. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे पहिलं दादांचं. कापडाचा गळा दाबलाय. हे बटणवाल्या पोरींपैकी कुणाचं तरी, बोलता बोलता केलेलं. आणि हे तुझं."

"माझं कशावरून?" सुनेचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"सुरुवात माझ्याहून चांगली. काजाच्या टोकाच्या वळणावर आलं की घाई. लग्न करून आलीस तेव्हापासून सांगतेय, वळणावर घाई करू नकोस." मग त्या थोडा वेळ धाप शांत व्हायची वाट बघत राहिल्या. "डब्यातला पैसा हा असा आहे होय?"

सून पलंगाच्या कडेला बसली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही म्हणालात कामाचा पैसा घेते. काम तुम्हाला होईना. मग आम्ही केलं."

"आणि माझ्या नावावर खपवलं."

"तुमच्या नावावर खपवलं नाही. तुमच्यासाठी केलं."

"एकच की ते."

"एकच नाही, आई." सुनेला आता रागही आला होता. "दादा दिवसभर इस्त्रीपुढे उभे राहतात आणि मग तासभर सुईशी झोंबतात. बोटांना चिंध्या बांधल्यात त्यांनी. चिमणीनं स्वतःचा पिवळा दोरा दिवसाला दोनदासुद्धा वापरला नसेल. याला भीक का समजता? यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं."

"मी असते," सासूबाई म्हणाल्या, "तर आधी काज शिकले असते."

मग सुनेला दिसलं की सासूबाईंचे खांदे हलताहेत. धाप असेल म्हणून ती घाईनं पुढे झाली, तर त्या हसत होत्या. हसता हसता खोकल्या, खोकता खोकता पुन्हा हसल्या, आणि डोळ्याच्या कडा चष्म्याखालून पुसल्या.

"दादा," त्या म्हणाल्या. "त्या माणसानं काज केलं. देवा रे. बोलाव सगळ्यांना."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? माझ्या नावावर काम करायचं असेल तर माझ्यासारखं करायला लागेल. मी शिकवते. मग या मालाचे पैसे म्हणजे माझी शिकवल्याची मजुरी, ती मला घेता येते. तो पैसा फुकटचा नाही."

आणि मग ते दिवस आले. सून पुढे अनेक वर्षं त्या दिवसांबद्दल सांगायची आणि सांगताना तिचा आवाज आपोआप चढायचा. कारखान्यातून सुटलेली मंडळी सरळ घरी यायची. कोटांचे ढीग पलंगाभोवती, खिडकीत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. पलंगावर उशांना टेकून सासूबाई, आणि भोवती ही शाळा. पहिल्या दिवशी त्यांनी कुणाला सुई धरूच दिली नाही. फक्त उसवायला लावलं. "आपली घाण आपण काढा. हाताला लाज वाटली की हात शिकतो."

"मावशी, उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं," चिमणी पुटपुटली.

"सोपं असतं तर शेळ्या सरळ गेल्या असत्या. दोरा ओढतेस की विहिरीतून बादली काढतेस? हळू."

दादांचा तर कान रोज पिळला जायचा. त्यांनी एक काज दाखवायला आणलं की सासूबाई अंगठा फिरवायच्या आणि एकच शब्द म्हणायच्या, "उसवा." दादा उसवायचे. पुन्हा आणायचे. पुन्हा उसवा. एका संध्याकाळी त्यांनी आणलेल्या काजावरून अंगठा फिरला, परत फिरला, आणि सासूबाईंनी तो कोट काही न बोलता पलीकडच्या ढिगावर ठेवला. दादा तसेच उभे राहिले. एवढा दांडगा माणूस, पण त्यांना क्षणभर समजेना आता जायचं कुठं. मग ते बाहेर गॅलरीत गेले आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

शिकवून सासूबाईंचा जीव थकायचा. सुनेला ते दिसायचं. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात तुटायचं, ओठांची कड निळसर व्हायची. ती म्हणायची, आता पुरे. सासूबाई म्हणायच्या, अजून हे वळण. आणि वळण सुनेचंच असायचं. "थांब. श्वास घे. वळणावर टाका दाट, हात सैल. तुझी घाई कुठं जायची आहे? वळणापलीकडे काय सरबत ठेवलंय का?" बुवा एकदा चौकशीला आले आणि दारातच थबकले. एवढी डोकी खाली घातलेली, एवढे हात हलताहेत, कुणी काही बोलत नाही. ते पायरीवरच बसून राहिले. नंतर म्हणाले, आयुष्यभर मी सभागृहात लोकांना एवढं शांत बसवू शकलो नाही.

माल पुरा झाला. तो परत पाठवायच्या आदल्या दुपारी सासूबाईंनी हट्ट धरला की तपासणी आपल्यासमोर होईल, आणि घरी नाही, कारखान्यात. दादांनी त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून वर नेलं. त्या म्हणाल्या, "मला इस्त्री करायला नेताय का?" दादा म्हणाले, "बोलू नका, मावशी, वाफ वाया जाते."

चष्मेवालीच्या टेबलाभोवती सगळे जमले. मालकही दाराशी येऊन उभे राहिले. आज चष्मेवालीनं चष्मा पुसला, आणि जांभळा टाका असूनही पहिला कोट उलटा केला. पण ती म्हणाली, "मावशी, मला हे बरं वाटत नाही."

"मला बरं वाटतंय," सासूबाई म्हणाल्या. "बघ तू."

कोटामागून कोट उजेडात गेला. चष्मेवाली बघायची, शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडे द्यायची. सून अंगठा फिरवून पास म्हणायची, कारण सासूबाईंनी ते काम तिला दिलं होतं. पास, पास. खोलीत फक्त लोकरीची सळसळ. ढीग एका बाजूनं ओसरत होता आणि दुसऱ्या बाजूला उभा राहत होता. दुकानाचा माणूस उद्या हा माल बघणार होता, आणि त्याच्या एका मानेच्या हालचालीवर ऑपरेशनचे राहिलेले पैसे अवलंबून होते. एक कोट जरी वाईट निघाला असता तरी तो सगळा ढीग पुन्हा संशयात गेला असता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ढिगाच्या शेवटाकडे एका कोटावर सुनेचा अंगठा थांबला.

वरचं काज चांगलं होतं. मधलंही. खालचं मात्र वळणापाशी ढिलं पडलेलं. गाठी विखुरलेल्या, जणू कुणी अर्ध्यात दम खायला थांबलं होतं आणि पुन्हा सुरू करताना जागा चुकली होती. चष्मेवालीच्या नजरेतून ते सुटलं होतं. आणि गाठी कलल्या होत्या उलट्या अंगाला.

सुनेला सगळं कळलं. परवा दुपारी ती बाजारात गेली होती. घरी एकट्या असताना सासूबाईंनी हा कोट ढिगातून ओढला असणार. आपल्या नावाच्या मालात आपला एक तरी कोट असावा म्हणून. तोही डाव्या हातानं, निळ्या ओठांनी, कुणाला न सांगता.

पास म्हणायला एक शब्द लागत होता. कुणी बघितलं नव्हतं. तिनं खुर्चीकडे पाहिलं. सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या; चेहऱ्यावर काही नव्हतं, पण मांडीवरचा डावा हात उजव्या हातानं झाकलेला होता. सुनेच्या मनात आलं, या बाईनं आयुष्यभर वाईट काज पुढे जाऊ दिलं नाही, आणि आज ते जाऊ देणारी मी असेन, तर एवढे दिवस मी शिकले काय.

"हे नापास," ती म्हणाली.

चिमणीनं मान पुढे काढून पाहिलं आणि ती पांढरी पडली. तिनंही गाठी ओळखल्या. चष्मेवालीनं कोट ओढून घेतला. "कुणाचं आहे?" दादांनी घाबरून आपली बोटं पाहिली.

"कुणाचं आहे ते सांग की," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचं आहे, आई."

मालकांची टोपी हातातच राहिली. सासूबाईंनी हात पुढे केला. सुनेनं कोट दिला. त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, सावकाश, वळणावरून. मग मान हलवली.

"हात गेला माझा," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. बाहेर पाऊस थांबला असं सांगावं तसं. "मला वाटलं होतं, तू सोडशील. आई म्हणून सोडशील."

"आई म्हणूनच नाही सोडलं."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेचं वर्णन सून पुढे कधी कुणाला करू शकली नाही. ती फक्त एवढंच म्हणायची की त्या क्षणाच्या आधी आपण त्या घरात फक्त सून होतो.

"उसव," सासूबाई म्हणाल्या आणि कोट तिच्या ओंजळीत ठेवला. "आणि तू कर. माझ्या जागी बसून कर. आणि मुलाला फोन करून सांग, हॉस्पिटलात मी येते. डॉक्टर म्हणतील तितकं झोपते. खायला घालतील ते खाते. पायपुसणी झटकायला मागणार नाही."

शेवटचं वाक्य ऐकून चिमणी हसली, मग दादा, मग सगळेच, आणि त्या हसण्यात सुनेनं उसवायला सुरुवात केली. वळणावर आली तेव्हा तिनं हात सैल सोडला आणि श्वास घेतला.

दुकानाच्या माणसानं दुसऱ्या दिवशी माल बघितला आणि ठेवून घेतला. पैसे आले. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. देवाची कृपा, डॉक्टरांचा हात, आणि हो, कारखान्यातली ती सगळी बोटंही त्यात होती. कृपेला कुठून ना कुठून तरी आत यावं लागतं.

शुद्ध आल्यावर सासूबाईंना बोलायची मनाई होती. ती त्यांनी साधारण दुपारपर्यंत पाळली. संध्याकाळी सून भेटायला गेली, तेव्हा वॉर्डच्या दारातूनच तिला आवाज ऐकू आला. क्षीण होता, पण थांबत नव्हता. शेजारच्या खाटेवरची बाई कोपरावर टेकून ऐकत होती, सलाईन बघायला आलेली नर्स बाटली विसरून उभी होती.

"या आल्या बघा," सासूबाई त्या दोघींना म्हणाल्या आणि नळ्या लावलेला हात जमेल तितका वर केला. "हीच ती. हिनं माझं काज नापास केलं."

नर्सनं सुनेकडे बघितलं, जरा आश्चर्यानं. "तुम्ही? सासूबाईंचं?"

"सगळ्या कारखान्यासमोर," सासूबाई म्हणाल्या. "मालक उभे होते. घाबरली नाही. बस गं, अशी दारात काय उभी राहतेस. यांना पुढचं तूच सांग, मला बोलायची मनाई आहे."